पायथ्याचं पाणी

अकोल्याचं पूर्णा अभ्यास केंद्र आणि अमरावतीची जलसंशोधन संस्था यांची बोलचाल बंद होती, ती पौर्णिमा भुयार नोकरीला लागली त्याच्याही आधीपासून. भांडण कशावरून झालं ते धड कोणालाच सांगता येत नव्हतं. कोणी म्हणे, एका परिसंवादात अमरावतीच्या जुन्या संचालकांना मागच्या रांगेत बसवलं. कोणी म्हणे, अकोल्याच्या कोणीतरी त्यांचा नकाशा आपल्या नावावर छापला. कारण काहीही असो, नदी एकच, कचेऱ्या दोन, मध्ये दोन-अडीच तासांचा रस्ता, आणि आपले आकडे समोरच्याला दाखवायचे नाहीत असा रिवाजच पडून गेला होता.

कामाची वाटणी मात्र आपोआप झाली होती. अमरावतीकडे डोंगर, अकोल्याकडे नदी. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी, अचलपूर-अंजनगावच्या वरच्या अंगाला, दगडगोट्यांची जमीन आहे. पावसाचं पाणी तिथं चाळणीतून जावं तसं खाली उतरतं. अमरावतीच्या संस्थेनं तिथल्या ओढ्यानाल्यांवर विहिरी खोदल्या होत्या, पण त्या पाणी उपसायच्या नव्हेत, जमिनीत पाणी सोडायच्या. आणि दक्षिणेला पूर्णेच्या दोन्ही काठांनी खारपाणपट्टा. वर लोण्यासारखी काळी जमीन आणि तिच्या पोटात मिठाचं पाणी. त्या पट्ट्यातल्या विहिरी आणि नदी अकोल्याच्या केंद्राकडे.

दोन्ही कचेऱ्यांना एक गोष्ट ठाऊक होती, निदान ठाऊक आहे असं त्या धरून चालल्या होत्या. पायथ्याशी मुरलेलं गोडं पाणी जमिनीखालून हळूहळू दक्षिणेला सरकतं, आणि आज ना उद्या ते पूर्णेपर्यंत पोहोचून खाऱ्या पाण्याला मागं रेटणार. अमरावतीवाले लिहीत, पाणी उत्तम मुरत आहे, खाली जात असणारच. अकोलावाले लिहीत, विहिरी अजून खाऱ्याच आहेत, पण वरून पाणी येत असणारच. मधल्या पंचवीस-तीस मैलांचं काय, ते प्रत्येकानं दुसऱ्यावर सोडून दिलं होतं.

पौर्णिमाचं माहेर याच पट्ट्यातलं. तिची आई सकाळी तुरीची डाळ चुलीवर चढवायची आणि दुपार झाली तरी दाणा दाताखाली कचकन वाजायचा. घरामागं विहीर होती, पण तिच्या पाण्यानं साबणाला फेस येत नसे, केसांची जट व्हायची, आणि नवी भांडी बघता बघता पांढरी पडायची. अकोल्याचं सासर मिळालं तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या होत्या, "सुटली बाप्पा तू." तो शब्द तिला कुठंतरी टोचला असावा. भूजलाचं शिक्षण घेऊन ती त्याच पट्ट्यातल्या विहिरी मोजायला परत आली, आणि तरुणपणापासून केस पिकेपर्यंत तेच करत राहिली.

मग दिल्लीहून एक योजना आली. एकाच नदीवर काम करणाऱ्या संस्थांनी जोडीनं अर्ज केला तरच ती मिळणार होती. दोन पिढ्यांच्या समजुतीनं जे झालं नव्हतं ते या एका अटीनं झालं. अकोल्याचे संचालक महादेवराव काळमेघ कडक इस्त्रीचा सदरा घालून अमरावतीला गेले. तिथल्या संचालकांनी फाटकापर्यंत येऊन त्यांना आत नेलं. शाली झाल्या, नारळ झाले, सामंजस्य करारावर सह्या झाल्या. पौर्णिमा मागं उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि खरं सांगायचं तर तिचे डोळे भरून आले होते.

चहाच्या वेळी हिरव्या ओढणीतली एक सडसडीत बाई सरळ तिच्यापाशी आली.

"तुम्हीच ना पौर्णिमाताई? मी सबीहा. पायथ्याच्या विहिरी माझ्याकडं आहेत."

"अगंबाई! तुमचं नाव वाचलंय मी."

"मी तर तुमचे आकडे चोरून वाचते," सबीहा हसली. "तुमचा वार्षिक अहवाल आमच्याकडं येतो. साहेब तो कपाटात कोंबतात. मी काढून घरी नेते. ताई, किती वर्षं झाली, मला एकच विचारायचं होतं. आम्ही वर सोडलेलं पाणी तुमच्याकडं पोहोचतं का?"

पौर्णिमालाही हेच विचारायचं होतं, फक्त उलट्या बाजूनं.

सबीहा मूळची अचलपूरची. तिथल्या जुन्या विहिरी आटताना तिनं लहानपणी पाहिल्या होत्या, आणि संस्थेत लागल्यावर एका एका नाल्यासाठी सरपंचांच्या ओसरीवर बसून, लोकांच्या शिव्या खाऊन तिनं त्या पुनर्भरणाच्या विहिरी खोदून घेतल्या होत्या. पहिल्याच महिन्यात दोघींची अशी गट्टी जमली, की अकोल्याच्या कचेरीत पौर्णिमाला कोणी चिडवू लागलं, "भुयार मॅडमची बदली झाली वाटते अमरावतीले."

पौर्णिमानं सबीहाला पहिल्यांदा बोरखडीला नेलं ते उन्हं तापायच्या आधी. बोरखडी दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या अगदी काठावर. तिथं पुंजाजी गावंडे यांनी आपल्या वावराचा नदीकडचा कोपरा केंद्राला निरीक्षणाच्या विहिरीसाठी दिला होता. पौर्णिमा तरुण होती तेव्हाची ही गोष्ट. तेव्हापासून तिची खेप चुकली नव्हती, आणि पुंजाजींचा प्रश्नही चुकला नव्हता.

"काय म्हन्ते पानी, मॅडम?"

"अजून खारंच आहे, पुंजाजी. पण वर चांगलं काम चालू आहे. येईल."

"येईन जी, येईन. जमिनीतलं पानी हाय, त्याले काय पाय हायेत का पळत याले?"

त्या दिवशी सबीहाला पाहून त्यांनी खाटेवरची सतरंजी स्वतः झटकली. "तुमी अमरावतीच्या? म्हंजे वरून पानी सोडनाऱ्या त्या तुमीच?"

"हो काका, मीच."

"अवो, आयकलं का?" त्यांनी आत हाक दिली. "पानीवाल्या बाई आल्या. आपल्या विहिरीच्या पान्याचा चहा नोको करू, नाईतं फाटन. कोठीतलं घे."

नळाचं पाणी गावात आठ-दहा दिवसांतून एकदा यायचं. ते कोठीत भरून ठेवलेलं असायचं आणि पाहुण्यांसाठी राखलेलं. माणिकबाई चहा घेऊन आल्या आणि दाराशी टेकल्या. त्यांचा मुलगा शिवम अंगणात थ्रेशरच्या पट्ट्याशी झटत होता. तिशी उलटलेला, आयटीआय झालेला, अंगानं मजबूत, निर्व्यसनी पोरगा. जमीन घरची होती. पण लग्न जमत नव्हतं.

"पोट्टीवाले येते," माणिकबाई सांगू लागल्या, "घर पाह्यते, वावर पाह्यते, खुश होते. मंग पानी पेते. पानी पेल्यावर कोनी काईच बोलत नाई. उठते अन् जाते. खारपानपट्ट्यात पोट्टी देनं म्हंजे तिले विहिरीत ढकलनं, असं म्हन्ते लोकं."

"आता दोन्ही हापिसं एक झाले ना," पुंजाजी म्हणाले. "आता होईन. मले तं तवाच वाटे, हे दोघं एकमेकासंग बोलत काहून नाई?"

परतताना दर्यापूर मागं पडल्यावर सबीहा गाडीत म्हणाली, "ताई, त्यांचा आपल्यावर किती यकीन आहे."

"हो ना," पौर्णिमा म्हणाली. तिला बरं वाटलं होतं. कितीतरी वर्षांनी तिला वाटत होतं, की आपण नुसतं मोजत नाही आहोत.

जोडप्रकल्पातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे पाण्याचं वय काढणं. पावसाच्या ताज्या पाण्यात काही खुणा असतात. पाणी जमिनीत फार काळ राहिलं की त्या विझत जातात. त्या वाचणारी प्रयोगशाळा बाहेरच्या राज्यात होती. तिचा खर्च एकट्या संस्थेला कधी झेपला नव्हता, आता झेपला. अमरावतीनं वरच्या बाटल्या भरल्या, अकोल्यानं खालच्या, आणि पेट्या रवाना झाल्या.

पावसाळा संपता संपता उत्तर आलं. पौर्णिमानं ते संगणकावर उघडलं, एकदा वाचलं, आणि उठून खिडकी लावून घेतली. बाहेर कोणी ऐकेल असं त्यात काही नव्हतं, तरी.

पायथ्याचं पाणी ताजं होतं, चार-सहा पावसाळ्यांचं. आणि बोरखडीच्या विहिरीतलं, तिच्या आजूबाजूच्या सगळ्या विहिरींतलं पाणी हजारो वर्षांपूर्वीचं होतं. त्यात ताज्या पाण्याचा थेंबही नव्हता. पायथ्याचं पाणी इथवर कमी येत नव्हतं की उशिरा येत नव्हतं. ते येतच नव्हतं.

तिनं सबीहाला फोन केला. तिकडूनही कागद आलाच होता.

"तुमच्या बाटल्या कोणी भरल्या ताई?" सबीहानं विचारलं. आवाज ओळखू येत नव्हता.

"आमच्याच माणसांनी. मी उभी होते."

"प्रत्येक विहिरीवर?"

"सबीहा, तुला काय म्हणायचंय?"

"म्हणायचंय एवढंच, की काहीतरी चुकलंय. पंप नीट चालवला नसेल. साचलेलं पाणी भरलं असेल. तुमच्याकडं ही कामं कशी चालतात हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे."

पौर्णिमाच्या तोंडून निघून गेलं, "आणि तुमच्याकडं कशी चालतात? इतकी वर्षं पाणी सोडत राहिलात, ते कुठं जातंय हे एकदा तरी खाली येऊन पाहिलंत?"

फोन बंद झाला. दोन्ही कचेऱ्यांचं जुनं भांडण असंच कुठंतरी सुरू झालं असेल, असं तिच्या मनात आलं.

पण सबीहा भांडून बसणारी नव्हती. आठवड्याभरात तिचा निरोप आला: आपण दोघी मिळून पुन्हा भरू. माझा हात तुमच्या बाटलीला, तुमचा माझ्या.

हिवाळ्यात त्या निघाल्या. पायथ्यापासून सुरुवात करून, गावागणिक एक विहीर घेत, थेट पूर्णेपर्यंत. पहिल्या दोन दिवसांत त्यांनी एकमेकींशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्या अंजनगावच्या वरच्या भागातल्या संत्र्याच्या बागांत शिरल्या. मैलोगणती बागा, हिरव्यागार, फळांनी वाकलेल्या. प्रत्येक बांधावर बोअरचा पाइप वर आलेला. कुठं दोन, कुठं चार. एका बागेत बोअरची गाडी उभी होती, जमीन थरथरत होती, आणि पाइपातून नुसती पांढरी धूळ उडत होती.

बागवाला तोंडाला रुमाल बांधून बाजूला उभा होता. सबीहानं विचारलं, "किती खोल गेलात?"

"हजार फुटाच्या खाली गेलो, बाई. बाजूच्याचा तेराशे आहे. काय करता, झाडं वाळू देता येते का? पोरासारखे वाढवले."

"आमच्या त्या नाल्यातल्या विहिरींचा काही फायदा होतो?"

"होते ना!" तो मनापासून म्हणाला. "त्या हायेत म्हनून तं बागा हायेत. लय पुण्याचं काम केलं तुमी."

सबीहानं मान हलवली. पुढच्या विहिरीवर बाटली भरताना तिच्या हातून झाकण खाली पडलं, ते पौर्णिमानं उचलून धुऊन दिलं.

"ताई, मी त्या दिवशी बोलले ते..."

"जाऊ दे. मीही बोललेच."

"मी पाणी यांच्यासाठी नव्हतं सोडलं," सबीहा म्हणाली. "यांनाही लागतंच, कबूल. पण मला वाटायचं, ते चाललंय. खाली, तुमच्याकडं. नकाशावर बाण काढायचे मी."

दुसरं उत्तर पहिल्यासारखंच आलं. आता चित्र पुरं झालं होतं. ताजं पाणी पायथ्यापासून बागांपर्यंत येत होतं आणि तिथंच वर उपसलं जात होतं. बागांच्या खालच्या पहिल्याच गावापासून म्हातारं पाणी सुरू होत होतं. दोन संस्था एकमेकींशी बोलल्या नसत्या तर हे कधी कळलं नसतं. अमरावतीला अकोल्याच्या भरवशावर, आणि अकोल्याला अमरावतीच्या भरवशावर, आणखी एक पिढी सुखानं काढता आली असती.

अहवालाची बैठक अमरावतीला झाली. मसुद्यात पौर्णिमानं सरळ लिहिलं होतं, की आजच्या उपशात पायथ्याचं पाणी पूर्णेपर्यंत पोहोचण्याची शक्यता नाही. महादेवरावांनी चष्मा काढून ते वाक्य दोनदा वाचलं.

"बाई, हे खरं आहे?"

"दोनदा तपासलंय सर."

"मग ऐका. मी काही खोटं लिहा म्हणत नाही." त्यांचा आवाज वाईट नव्हता, थकलेला होता. "पण हे छापलं की पहिलं काय होईल? वरच्या विहिरींचं काम बंद पडेल. पाणी खाली जातच नाही तर सोडता कशाला, असं विचारतील. उपसा कोणी बंद करणार नाही. कोणाची छाती आहे बागवाल्यांना सांगायची? म्हणजे वरचंही जाईल आणि खालचं तर नाहीच. पटतं का?"

पौर्णिमाला ते पटलं, आणि तेच वाईट होतं. तिनं सबीहाकडं पाहिलं. सबीहा समोरच्या पाण्याच्या ग्लासवर बोट फिरवत होती. तिच्या विहिरींच्या पुढच्या टप्प्याची मंजुरी तिच्या अमरावतीच्या संचालकांच्या टेबलावर होती.

"डॉक्टर सबीहा, तुमचं मत?" अमरावतीच्या संचालकांनी विचारलं.

"निष्कर्ष बरोबर आहेत," ती हळू म्हणाली. "शब्द कोणते वापरायचे ते... सर ठरवतील तसं."

शब्द ठरले. 'प्राथमिक निरीक्षणं' असा एक शब्द आला. 'दीर्घकालीन अभ्यासाची गरज' असा दुसरा आला. पौर्णिमाचं वाक्य शेवटच्या परिशिष्टात गेलं, तक्त्यांच्या खाली, बारीक अक्षरात. करार आणखी पाच वर्षांसाठी वाढला. ती एकदा म्हणाली, "निदान त्या गावांना तरी सांगू या." महादेवराव म्हणाले, "सांगा ना, कोणी अडवलंय? पण सांगून त्यांनी काय करायचं, तेही सांगून या."

त्यानंतर ती बोरखडीला दोनदा गेली, विहीर मोजली, आणि सांगितल्यावाचून परत आली. पुंजाजींनी नेहमीचं विचारलं आणि तिनं नेहमीचं सांगितलं. दुसऱ्या खेपेला तर ते आपणहून म्हणाले, "आता अमरावतीवाल्या बाई हायेत ना. होईन."

तिसऱ्या खेपेला अंगणात पाहुणे होते. खाटेवर पांढरं धोतर नेसलेले एक गृहस्थ, सोबत त्यांचा भाऊ. माणिकबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं. पौर्णिमा फाटकातूनच मागं वळली होती, पण पुंजाजींनी पाहिलं.

"या या, मॅडम! देवावानी आल्या. हे नत्थुजी, अंजनगावच्या वरून आले. रागिणीचे वडील. पोट्टी नर्स हाय अमरावतीले. पोट्टीनं आपल्या शिवमले पसंत केलं, तिथंच वळख झाली त्याईची. आता फक्त याईचा होकार राह्यला." त्यांचा चेहरा फुलला होता. "अन् याच त्या मॅडम, ज्याईचं मी सांगत होतो."

नत्थुजींनी उठून हात जोडले. बोलणं शांत, नजर सरळ.

"बसा, बाई. बरं झालं तुमी आल्या. माही पोट्टी म्हन्ते, मले पोट्टा पसंत हाय, पान्याचं मी पाहून घेईन. तिचं ठीक हाय, वयच तसं असते. पन मी बाप हाय. मले पाहा लागते." त्यांनी पुंजाजींकडं हात केला. "पुंजाजी सांगून राह्यले का पाच-सात वर्षांत गोडं पानी येऊन राह्यलं. मॅडमनं सांगतलं म्हन्ते. मले बाकी काई नाई इचारायचं. तुमी सांगा. येनार हाय का?"

माणिकबाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या. शिवम खाली मान घालून अंगठ्यानं माती उकरत होता. पौर्णिमाला वाटलं, 'येईल' म्हणावं. इतकी वर्षं म्हटलंच आहे, आणखी एकदा म्हणावं. लग्न होईल, घर भरेल, आणि पुढच्या पाच-सात वर्षांत माणसं पाण्याची वाट बघायला शिकतात, हे तिच्याहून कोणाला जास्त ठाऊक होतं? मग तिला ती न पाहिलेली पोरगी दिसली, चुलीपाशी नाही, गॅसपाशी, पण डाळीचा तोच दाणा बोटांत दाबून बघणारी.

"नाही येणार," ती म्हणाली.

पुंजाजी हसले. त्यांना वाटलं, मॅडमला प्रश्न नीट समजला नाही. "नाई म्हंजे, पाच वर्षांत नाई, पन..."

"नाही पुंजाजी. येणारच नाही. आम्ही दोन्ही संस्थांनी मिळून दोनदा तपासलं. वरचं पाणी वरच संपतं. इथपर्यंत काहीच पोहोचत नाही. आधीही पोहोचत नव्हतं."

नत्थुजींनी डोक्यावरची टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

"वरच संपते," ते स्वतःशीच म्हणाले. "आमच्या बागाईत."

ते उठले, पुंजाजींचे दोन्ही हात हातात घेतले, "कळवतो," म्हणाले, आणि भावाला घेऊन गेले.

पुंजाजींनी फाटक लावलं आणि परत येऊन विचारलं, "कवा कळलं हे तुमाले?"

"पहिल्यांदा दिवाळीच्या आधी. पक्कं कळलं ते हिवाळा सरताना."

"म्हंजे त्याच्यानंतर दोन खेपा येऊन गेल्या तुमी."

"हो."

"मी इचारलं होतं."

"हो, पुंजाजी."

त्यांनी मान हलवली. ते रागावले असते तर पौर्णिमाला बरं झालं असतं. पण ते म्हणाले, "तुमी तरी काय करान? सांगाले जीभ नसंन वळत," आणि आत जाऊन आडवे झाले. माणिकबाईंनी पाहुण्यांचे कप उचलले. त्यातला एक अर्धा भरलेला होता; तो त्यांनी उकिरड्यावर नेऊन ओतला.

नत्थुजींनी खरंच कळवलं. पोट्टी अडून बसली होती, म्हणून त्यांनी होकार दिला, पण एका अटीवर. जावयानं अमरावतीला राहायचं, बोरखडीला नाही. सणावाराला जायला हरकत नव्हती. शिवमनं दोन दिवस विचार केला आणि हो म्हटलं. त्याला दुसरं काय करता आलं असतं, हे पुंजाजींनीच पौर्णिमाला फोनवर विचारलं, आणि तिच्या उत्तराची वाट न पाहता फोन ठेवला.

लग्न अमरावतीला एका मंगल कार्यालयात झालं. पौर्णिमा आणि सबीहा दोघी गेल्या. रागिणी गोड मुलगी होती, हसून पाया पडली. तिला दोघींबद्दल शिवमनं काय सांगितलं होतं कोण जाणे, पण ती म्हणाली, "तुमच्यामुळं आमचं लवकर ठरलं." जेवणाच्या पंगतीत बोरखडीचे दोन-तीन बाप पुंजाजींना घेरून बसले होते. त्यांच्याही घरी लग्नाचे पोरगे होते. अमरावतीत खोली कशी मिळते, काम कसं लागतं, एवढंच ते विचारत होते. पाण्याचा विषय कोणीच काढला नाही. पौर्णिमाच्या लक्षात आलं, गावाला सांगायला वेगळं जावं लागणार नाही. ते पोहोचलेलं आहे.

त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी बोरखडीतून आणखी पोरं गेली. कोणी अमरावतीला, कोणी मूर्तिजापूरला, कोणी पार पुण्याला. थ्रेशर विकला गेला. नातू झाला तेव्हा माणिकबाई चार महिन्यांसाठी म्हणून अमरावतीला गेल्या. रागिणीची ड्युटी, लेकराला कोण बघणार? चार महिन्यांचं वर्ष झालं. पुंजाजींनी वावर ठोक्यानं, म्हणजे ठरीव रकमेवर, दुसऱ्याला कसायला दिलं. स्वतः मात्र हलले नाहीत. पौर्णिमा विहीर मोजायला गेली की ते वावरापर्यंत सोबत यायचे, बांधावर बसायचे, आणि मोजून झालं की उठायचे. आता ते काहीच विचारत नसत. एकदाच म्हणाले, "मी मेलो का हे वावर पोट्टा इकन. मंग तुमी कुठं मोजान?"

"बघू, पुंजाजी."

"नाई, म्हनलं, दुसरी जागा पाहून ठेवा."

पायथ्याला सबीहाच्या विहिरींचा दुसरा टप्पा पुरा झाला. काम उत्तम झालं होतं. उद्घाटनाला बागवाले ट्रॅक्टर भरभरून आले, आणि त्या वर्षी बागांचा आणखी एक पट्टा वाढला. सबीहानं नकाशे काढणं दुसऱ्यांवर सोपवलं होतं. फोनवर दोघी बोलायच्या, पण पाण्याबद्दल कमी. मुलांबद्दल, गुडघ्यांबद्दल, कचेरीतल्या कागदांबद्दल.

निवृत्तीला थोडे महिने राहिले असताना एका दुपारी पौर्णिमा बोरखडीहून परत येत होती. दर्यापूरच्या बसस्टँडवर अकोल्याची गाडी लागायची होती. तेवढ्यात सबीहाचा फोन आला.

"ताई, ऐकलंत का? नागपूरची एक संस्था आपल्यात यायचं म्हणतेय. उपग्रहाच्या छायाचित्रांचं काम आहे त्यांच्याकडं. तिघांचा मिळून मोठा प्रकल्प होईल म्हणतात. पूर्णा खोऱ्याचा."

"काय शोधणार आहेत?"

"विषय तोच आहे. पायथ्याचं पाणी नदीपर्यंत कसं पोहोचतं."

"आपलं परिशिष्ट वाचलंय का त्यांनी?"

"नसेल वाचलं. साहेब म्हणाले, आत्ताच सांगू नका, आधी सह्या होऊ देत." मग ती म्हणाली, "सोमवारी बैठक आहे, अमरावतीला. तुम्ही याल ना, ताई? मी एकटी नाही बसू शकणार तिथं."

स्टँडवर ऊन रखरखत होतं. अकोल्याची गाडी आत शिरली आणि माणसं दाराशी झोंबू लागली.

"येते," पौर्णिमा म्हणाली, आणि पिशवी खांद्याला लावून त्या गर्दीत शिरली.